तुझं काम कोण बघणार आहे?

प्रश्न : ताई, मी 26 वर्षांची आहे, इंदिरानगरला राहते. मानसशास्त्र घेऊन बी.ए. केलं, 54 टक्के मिळाले. तीन वर्षांपासून अंबडच्या एका कंपनीत एचआरमध्ये आहे. समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. करायची फार इच्छा आहे, पण त्यासाठी दोन वर्षं मुंबईला नाहीतर पुण्याला राहावं लागेल आणि नोकरी सोडावी लागेल. इथे नाशिकमध्येच एका संस्थेचा सहा महिन्यांचा, शनिवार-रविवारचा ‘सर्टिफाइड कौन्सेलर’ कोर्स आहे. महिनाअखेरपर्यंत पैसे भरले तर सवलत मिळते. बाबा म्हणतात तोच कर, नोकरीही टिकेल. यात पोट भरतं का, हाही त्यांचा प्रश्न आहेच. एसओपी, म्हणजे हा विषय का शिकायचा आहे हे सांगणारं अर्जासोबतचं निवेदन, लिहायला घेतला, तर पहिलंच वाक्य ‘लहानपणापासून मला लोकांचं ऐकून घ्यायला आवडतं’ असं आलं आणि तिथेच अडकले. कॉलेजात असताना मला पॅनिक अटॅक यायचे. दीड वर्ष थेरपी घेतली, त्यातूनच या विषयाची ओढ लागली. ते लिहावं की लपवावं? शिफारसपत्रं कुणाकडून घेऊ? सर-मॅडमना मी आता आठवतही नसेन.

ता. क. गेल्या महिन्यात नाइट शिफ्टचा एक ऑपरेटर रजेचा अर्ज घेऊन माझ्या केबिनमध्ये आला. अर्धा तास बसला, काहीच बोलला नाही आणि अर्ज न देताच निघून गेला. तो डोक्यातून जात नाही.

उत्तर : तुझं पत्र वाचलं आणि ताज्या कलमावर येऊन थांबले. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. आधी महिनाअखेरची घाई, कारण तिला तारीख आहे. त्या कोर्सचे पैसे भरू नकोस.

असे कोर्स सरसकट वाईट असतात असं मी म्हणणार नाही. शाळेतल्या शिक्षकाला, वॉर्डातल्या परिचारिकेला, तुझ्यासारख्या एचआरवाल्या मुलीला त्यातून चार गोष्टी शिकता येतात. पण तुला हा व्यवसाय करायचा आहे. समुपदेशक घडतो तो खऱ्या माणसासमोर बसून, आणि ते बसणं कुणीतरी जाणत्याने पाहिल्यामुळे. सत्रात तू काय बोललीस, कुठे घाईने सल्ला दिलास, कोणत्या क्षणी स्वतःच घाबरून विषय बदललास, हे तुला एकटीला दिसत नाही. ते सुपरवायझर दाखवतो, आणि पुन्हा पुन्हा दाखवतो. त्या संस्थेला फोन करून एकच विचार : ‘माझ्या किती केसेस तुम्ही बघणार आणि कोण बघणार?’ उत्तरात स्लाइड्स, नोट्स आणि प्रमाणपत्राचा जाड कागद एवढंच आलं, तर तुला कळेल.

आपल्याकडे अडचण अशी आहे की ‘समुपदेशक’ अशी पाटी लावायला अजून कुणी परवाना मागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं तसं नाही. त्याला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची म्हणजे आरसीआयची मान्यता असलेलं शिक्षण आणि नोंदणी लागते. त्यामागे 1992 चा कायदा आहे, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही त्या पदाची व्याख्या आहे. समुपदेशन मानसशास्त्रातल्या एम.ए.ने तू क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होणार नाहीस, हे आत्ताच नीट समजून घे. हॉस्पिटलात निदान, चाचण्या, गंभीर आजार यांत काम करायचं मनात असेल, तर तो रस्ता निराळा आहे. तिथे नियमही बदलत आहेत. त्या वाटेवरची नेहमीची पदवी म्हणजे एम.फिल. ती बंद करताना यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, क्लिनिकल सायकॉलॉजीला 2025-26 पर्यंत मुदतवाढ दिली होती. त्यामुळे त्या वाटेने जायचं तर आरसीआयच्या संकेतस्थळावरची ताजी यादी बघूनच पाऊल टाक.

समुपदेशकाच्या बाबतीतला मोकळा कारभारही फार दिवस राहील असं मला वाटत नाही. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी 2021 मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, आणि त्याच्या यादीत वर्तन-आरोग्याचे व्यवसायही आहेत. त्याच कायद्याच्या आधारे यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरशिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले. नाशिककरांना हे जास्त जाणवणार. गोवर्धनला मुक्त विद्यापीठ उभं राहिलं 1989 मध्ये, आणि नोकरी सांभाळून पदवी घेणं आपल्याकडे घरोघरी झालेलं आहे. मलाही त्या शिक्षणाबद्दल मनापासून आदर आहे. पण समुपदेशन पोस्टाने आलेल्या पुस्तकांतून येत नाही, आणि या एका विषयापुरता तो निर्णय मला पटतो. उद्या नोंदणी सुरू झाली तर पहिली विचारणा तुझ्या प्रत्यक्ष सरावाचीच होईल. म्हणून जिथे शिकशील तिथे पहिल्या दिवसापासून तासांची वही ठेव : तारीख, किती वेळ, कोणत्या प्रकारचं काम, सुपरवायझरची सही. क्लायंटचं नाव मात्र त्या वहीत कधीही यायला नको.

आता कुठे अर्ज करायचा ते. तुझ्या आवाक्यातली ठिकाणं मला अशी दिसतात : देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस, जिथे उपयोजित मानसशास्त्राच्या एम.ए.त समुपदेशनाची शाखा आहे. मुंबई विद्यापीठाचा कलिन्याचा विभाग. पुणे विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग. आणि घरच्यांची तयारी असेल तर बेंगळुरूचं ख्राइस्ट. टिसचा प्रवेश अलीकडे सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर आणि त्यापुढच्या टप्प्यांवर होतो. ती परीक्षा साधारण मार्चमध्ये असते आणि अर्ज डिसेंबर-जानेवारीतच सुटतात. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, तेव्हा बी.ए.ची पुस्तकं, विशेषतः संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र, आतापासून काढ. तुझे 54 टक्के बघता 55 ची अट असलेल्या ठिकाणी अर्जाची फी घालवू नकोस. प्रत्येक माहितीपत्रकातलं पात्रतेचं पान आधी वाच, बाकीचं नंतर.

नाव मोठं आहे म्हणून ठिकाण निवडू नकोस. विभागात फोन कर, जमलं तर पंचवटी एक्सप्रेसने एक फेरी मार आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना कॅन्टीनमध्ये गाठ. त्यांना विचार, प्रत्यक्ष क्लायंटसमोर किती तास बसायला मिळतं? सुपरव्हिजन दर आठवड्याला होते की परीक्षेच्या तोंडावर एकदाच फाइल तपासतात? एका सुपरवायझरकडे किती विद्यार्थी असतात? इंटर्नशिप विभाग मिळवून देतो की तुमची तुम्ही शोधायची? तुलनेसाठी एक आकडा लक्षात ठेव. अमेरिकेत समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी काकरेप नावाची संस्था 100 तासांचा प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा सुरुवातीचा सराव, आणि त्यावर 600 तासांची इंटर्नशिप मागते. त्या 600 पैकी 240 तास थेट क्लायंटसोबतचे असावे लागतात आणि दर आठवड्याला सुपरव्हिजन असावीच लागते. तुला तिकडे जायचं नाही, आणि आपल्याकडे सगळीकडे एवढं मिळेल असंही नाही. पण ‘आमच्याकडे भरपूर प्रॅक्टिकल असतं’ असं कुणी सांगितलं, तर भरपूर म्हणजे किती, हे विचारायला मोजपट्टी हाताशी हवी. अजून एक विचार : रोल-प्ले आणि केसची चर्चा मराठीतून करता येते का? तुला परत येऊन सातपूर-सिडकोच्या माणसांसोबत काम करायचं असेल, तर दोन वर्षं फक्त इंग्रजीत सराव करून चालणार नाही.

आता एसओपी. ते पहिलं वाक्य खोडून टाक. ते खोटं नाही, पण तुझ्या अर्जाच्या वरचा अर्ज आणि खालचा अर्जही त्याच वाक्याने सुरू होतो. प्रवेशाच्या मुलाखतींत मी पॅनेलवर बसते तेव्हा ‘लोक मला मन मोकळं करायला येतात’ हे वाक्य इतक्यांदा समोर येतं की त्यातून त्या मुलीबद्दल काहीच कळत नाही. तुझ्याजवळ यापेक्षा कितीतरी चांगलं काहीतरी आहे, आणि ते तू ताज्या कलमात टाकून दिलंस.

तो ऑपरेटर. त्याच्याविषयी लिही. आपण किती हळव्या आहोत हे दाखवायला नको लिहूस. त्या अर्ध्या तासात तुझ्यासमोर कोणते प्रश्न उभे राहिले, ते लिही. तो गप्प होता तेव्हा तू काय केलंस? पाणी दिलंस, कॉम्प्युटरकडे वळलीस, की ‘काय झालं, बोला ना’ म्हणून मागे लागलीस? केबिनला काच आहे का, बाहेरून शिफ्ट इनचार्जला तो बसलेला दिसत होता का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न : तू कंपनीची माणूस आहेस. त्याची हजेरी, त्याची रजा, उद्या कदाचित त्याची नोकरीही तुझ्या टेबलावरून जाते. तो तुला काही सांगता, तर ते तू कुणाजवळ ठेवणार होतीस? एकाच खुर्चीवर बसून तू त्याची ऐकणारी आणि त्याच्या मालकाची कर्मचारी, दोन्ही होऊ शकतेस का? समुपदेशनाच्या नीतिनियमांत दुहेरी नात्यांवर पानंच्या पानं आहेत. तू ते पुस्तक उघडण्याआधीच तो पेच अनुभवलास. कुठलीही समजदार निवड समिती हे वाचून थांबेल, कारण यातून दिसतं की तुला शिकायचं आहे, आणि नेमकं काय शिकायचं आहे.

लिहिताना त्याची ओळख पुसून टाक. कंपनीचं नाव नको, शिफ्ट बदलून लिही, वय सांगू नकोस. गोपनीयता कशी सांभाळतेस हे त्यांना एसओपीतूनच दिसलं पाहिजे. मग दोन परिच्छेद असे येऊ देत की हा प्रश्न सोडवायला तुला काय हवं आहे आणि ते याच विभागात कसं मिळेल. इथे कॅन्टीनमध्ये विचारलेली माहिती उपयोगी पडेल. एकच एसओपी चार ठिकाणी पाठवू नकोस. वाचणाऱ्याला ते दुसऱ्या ओळीत कळतं. आणि छाप पाडायला म्हणून मानसशास्त्रज्ञांची मोठमोठी वाक्यं पेरू नकोस. कार्ल रॉजर्सने 1957 मध्ये सहानुभाव आणि विनाअट स्वीकाराबद्दल जे मांडलं, ते तुला माहीत आहे हे समिती गृहीतच धरते.

जाता जाता, आत्ताचं. तो ऑपरेटर अजून कामावर येत असेल. त्याला समुपदेशन करायला जाऊ नकोस, पण नोटीस बोर्डावर टेलिमानसचा नंबर लाव : 14416. केंद्र सरकारने ही सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केली. ती चोवीस तास आहे, फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं. सगळ्यांसाठी लावलेला नंबर घेताना कुणाला मान खाली घालावी लागत नाही. आणि पुन्हा कधी तो आला, तर ‘तुम्ही त्या दिवशी बसला होता, बरं आहे ना?’ एवढं विचारायला पदवी लागत नाही.

पॅनिक अटॅकबद्दल तू विचारलंस, लिहू की लपवू. या दोन्हींच्या मध्ये पुष्कळ जागा आहे. थेरपी घेतलीस यात लाजण्यासारखं काही नाही. मला विचारशील तर समुपदेशकाने आयुष्यात कधीतरी त्या दुसऱ्या खुर्चीवर बसलेलं असावंच. पण एसओपी वाचणारा माणूस तुझा थेरपिस्ट नाही. अमेरिकेत 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विभागांतल्या प्रवेशप्रमुखांना विचारलं होतं की अर्ज कशाने बुडतात. उत्तरांत घातक ठरलेल्या गोष्टींमध्ये एक होती निवेदनात स्वतःच्या मानसिक आजाराबद्दल गरजेपेक्षा जास्त सांगणं. बाकीच्यांत नुकसान करणारी शिफारसपत्रं, त्या विभागाची माहितीच नसणं, ढिसाळ लिखाण आणि छाप पाडायची केविलवाणी धडपड. मला यातलं पहिलं थोडं दुखतं, कारण जे क्षेत्र जगाला ‘बोला’ म्हणतं त्याच क्षेत्राच्या दारात बोलणं महाग पडतं. तरीही समितीची काळजी मला समजते. क्लायंट ढसाढसा रडत असताना तुझा जुना त्रास वर आला, तर तू दोन्ही वेगळं ठेवू शकशील का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असतं.

म्हणून एक, फार तर दोन वाक्यं लिही. ‘विद्यार्थिदशेत मी स्वतः थेरपी घेतली. समोरचा माणूस सल्ला न देता नुसता सोबत राहतो तेव्हा काय घडतं, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.’ झालं. लक्षणं नकोत, औषधं नकोत, घरातलं कुणी नको. मुलाखतीत यावर प्रश्न आला तर किती सांगायचं हे घरूनच ठरवून जा. त्यापलीकडे विचारलं तर ‘हे मी माझ्या थेरपिस्टसोबतच बोलते’ असं शांतपणे म्हणायचा तुला हक्क आहे. हे उत्तर मी पॅनेलवर असताना ऐकलं तर मला ते फार आवडेल. प्रवेश मिळाल्यावर थेरपी बंद असेल तर पुन्हा सुरू कर. अभ्यासक्रमाची दोन वर्षं माणसाला आतून ढवळतात.

शिफारसपत्रांचं सोपं आहे. गंगापूर रोडला असो की पंचवटीत, ज्या कॉलेजात शिकलीस तिथे जा. बरोबर एक पान ने : कोणत्या वर्षी होतीस, कोणतं प्रॅक्टिकल केलंस, कोणत्या विषयात किती गुण, आता काय करतेस, कुठे अर्ज करते आहेस. मॅडमना चेहरा आठवेल आणि नाही आठवला तरी पानावरून लिहिता येईल. दुसरं पत्र तुझ्या एचआर मॅनेजरकडून घे, पण नोकरी सोडायचा विचार त्यांना सांगायची वेळ तूच ठरव. नगरसेवकाचं किंवा नात्यातल्या डॉक्टरांचं पत्र नको. ‘मुलगी सुशील व होतकरू आहे’ यावरून समितीला काही ठरवता येत नाही.

आता बाबा. त्यांचा प्रश्न खरा आहे आणि त्याला खरंच उत्तर द्यायला हवं, ‘पैसा सगळं काही नसतो’ असं म्हणून त्यांना गप्प करू नकोस. सुरुवातीची वर्षं ओढाताणीची जातील. खासगी प्रॅक्टिस बसायला वेळ लागतो, आणि नाशिकमध्ये अजून बरीच माणसं बोलण्याचे पैसे द्यायला बिचकतात. हे त्यांच्यापासून लपवू नकोस. पण मागणी वाढते आहे, आणि तिला कागदावरचा आधारही आहे. सीबीएसईच्या नियमांत शाळांसाठी समुपदेशकाची तरतूद आहे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात मार्गदर्शक सूचना दिल्या : 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. यात कोचिंग क्लासही आले. कॉलेज रोडवरून बाबांना एक चक्कर मारायला लाव आणि क्लासच्या पाट्या मोजायला सांग. त्या आदेशातल्या ‘पात्र’ या अटीत शनिवार-रविवारच्या प्रमाणपत्राचं काय होईल, हे ते स्वतःच ठरवतील.

त्यांच्यासमोर हिशेबही ठेव. दोन वर्षांची फी, होस्टेल किंवा पेइंग गेस्टचं भाडं, तुझी बचत, शैक्षणिक कर्ज लागलं तर त्याचा हप्ता. पुण्यात राहून एकाआड एक रविवारी घरी येता येतं, मुंबईचंही तसंच. मुलगी दूर चालली ही त्यांची खरी भीती असेल, तर ती आकड्यांनी जाणार नाही. ती त्यांच्याशी बोलूनच जाईल, आणि ते बोलणं तुलाच करावं लागेल.

नोकरीचा राजीनामा प्रवेशाचं पत्र हातात पडेपर्यंत देऊ नकोस. यंदा नंबर लागला नाही, तर ते वर्ष वाया जाऊ देऊ नकोस. एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात, विशेष मुलांच्या शाळेत किंवा सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात विचारून बघ, आठवड्यातून काही तास मदत चालेल का. तिथे समुपदेशन करू नकोस. नोंदी ठेव, गट घेणाऱ्यांच्या शेजारी बस, पालकांना चहा दे आणि जाणत्या माणसांचं काम बघ. लहान मुलांसोबत काम असेल तर 2012 चा पोक्सो कायदा वाचून जा. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन तिथे देता येत नाही. मुलाखतीत गोपनीयतेच्या मर्यादांवर प्रश्न जवळजवळ हमखास येतो.

एसओपीचा नवा मसुदा झाला की मला पाठव. ऑपरेटरचा परिच्छेद आधी लिही, बाकीचं त्यानंतर.